हिंगोलीचा कापडव्यापारी आणि गुन्हेगाराचे अनुमानचित्र : एक प्रस्तावना

खुनाचा तपास बहुतेक वेळा मृताच्या घरापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथून फार लांब जातही नाही. बांधाचा वाद, भाऊबंदकी, उधारी, संशय किंवा दारूच्या भरात उफाळलेले जुने वैर यांपैकी एखादा धागा हाती लागला की तपासी अंमलदाराचे निम्मे काम झालेले असते, कारण मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखत असतात. ही ओळखच जिथे नसते, म्हणजे गुन्हेगार अनोळखी माणसे निवडतो आणि काही काळ लोटल्यावर पुन्हा तसाच गुन्हा करतो, तिथे मृताच्या नातेवाइकांचे कितीही जबाब घेतले तरी काही निष्पन्न होत नाही. अशा वेळी गुन्ह्याची जागा, वेळ, हत्यार, जखमांचे स्वरूप, बळींची निवड आणि गुन्ह्यानंतरची आवराआवर यांवरून अज्ञात गुन्हेगार साधारण कोण असावा, कुठे राहत असावा, कोणत्या कामधंद्यात असावा, याचा तर्क बांधण्याच्या पद्धतीला प्रोफाइलिंग म्हणतात, आणि त्या तर्कातून उभ्या राहणाऱ्या चित्राला प्रोफाइल किंवा अनुमानचित्र. मालिका-गुन्हेगार कोणाला म्हणावे याबद्दल अभ्यासकांत पूर्वी मतभेद होते व निदान तीन खून झाले पाहिजेत असे मानले जाई. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ साली भरवलेल्या परिषदेनंतर मात्र एकाच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी वेगवेगळ्या घटनांत दोन किंवा अधिक माणसे मारणे, ही व्याख्या रूढ होत गेली. त्या व्याख्येतले 'गुन्हेगारांनी' हे अनेकवचन मराठवाड्याच्या संदर्भात विसरून चालणार नाही, हे पुढे दिसेल.

या शास्त्राचा इतिहास सांगताना पाश्चात्त्य ग्रंथ सहसा १८८८ सालच्या लंडनपासून आरंभ करतात, कारण तिथल्या 'जॅक द रिपर' प्रकरणात पोलीस सर्जन थॉमस बाँड याने जखमांवरून खुन्याच्या स्वभावाचे व राहणीचे अंदाज लिहून दिले होते. त्यानंतरचा टप्पा १९५६ सालच्या न्यूयॉर्कचा. तिथे सोळा वर्षे अधूनमधून बाँब ठेवणाऱ्या इसमाचे चित्र जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाने रेखाटले आणि पुढच्याच जानेवारीत जॉर्ज मेटेस्की पकडला गेला, तेव्हा अटकेचे श्रेय लोकांनी ब्रसेलला दिले, जरी मेटेस्कीचे नाव प्रत्यक्षात एका वीज कंपनीच्या जुन्या कर्मचारी-तक्रारींच्या फायली चाळणाऱ्या लिपिक बाईच्या चिकाटीतून निघाले होते. १९७२ साली एफबीआयने वर्तनशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, तेथील रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी अॅन बर्जेस या परिचारिका-संशोधिकेच्या साहाय्याने तुरुंगातील ३६ गुन्हेगारांच्या मुलाखतींचा अभ्यास केला, आणि त्यातून 'सुसंघटित' व 'विस्कळीत' गुन्हेगार अशी विभागणी जगभर पसरली. हा इतिहास खोटा नाही, अपुरा आहे. बाँडच्या पन्नासएक वर्षे आधी, निजामाच्या मुलुखात आणि नर्मदेच्या खोऱ्यात, अनोळखी वाटसरूंना मारणाऱ्या ठगांचा शोध याच जातीच्या तर्काने घेतला गेला होता, आणि त्या शोधाचे एक ठळक स्थळ हिंगोली हे होते.

हिंगोली तेव्हा निजामाच्या फौजेची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटची, मोठी छावणी होती. वऱ्हाडच्या सरहद्दीलगतचे हे ठाणे असल्यामुळे पायदळ, घोडदळ, तोफा आणि त्यांच्यामागे येणारा बाजार असा सगळा पसारा इथे होता; शहरातील पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार ही नावे आजही त्याच पसाऱ्याची खूण सांगतात. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अधिकारी या छावणीत होता, आणि १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची हकिगत लिहून ठेवली आहे. कादंबरीतला अमीर अली हे कल्पित पात्र असले तरी प्रस्तावनेतला हरिसिंग टेलरने स्वतः पाहिलेला माणूस म्हणून सांगितला आहे, आणि तो या विषयाच्या अभ्यासकाने नीट पाहावा असा आहे.

हरिसिंग हा हिंगोलीच्या बाजारातला प्रतिष्ठित व्यापारी होता आणि टेलरसह छावणीतल्या अनेकांचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला आणि तो मिळवला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी तसा माल घेऊन वाटेत आहे हे त्याला ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारून हरिसिंगाने माल सरकारी परवान्याच्या आधारे छावणीत आणला आणि उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले नसते, तर ते कधीच उघडकीला आले नसते, असे टेलर लिहितो. याहून भयंकर भाग पुढे आहे. हरिसिंगाच्या ठगांच्या टोळीने छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, अनेकांचे जीव घेतले होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळात पुरली होती. माफीच्या साक्षीदारांनी शांतपणे एकेक जागा दाखवावी आणि प्रत्येक ठिकाणी अनेक देह निघावेत, असे चालले असता शेवटी पाहणाऱ्यांना किळस येऊन उकरणे थांबवावे लागले.

या हकिगतीतून प्रोफाइलिंगच्या अभ्यासकाला जो पहिला धडा मिळतो तो नम्रतेचा आहे. हिंगोलीच्या छावणीत त्या काळी कोणी खुन्याचे अनुमानचित्र काढायला बसला असता तर त्याने बाहेरचा, फिरस्ता, निर्धन, दारूबाज असा कोणी रंगवला असता; ज्याची पेढी आहे, ज्याच्याकडून साहेबलोक कापड घेतात, जो स्वतः होऊन परवाना मागायला येतो, तो माणूस त्या चित्रात कुठेच बसला नसता. सभ्यतेचा देखावा हाच ज्याच्या धंद्याचा भाग आहे, त्याच्या स्वभावावरून अंदाज बांधणे व्यर्थ असते. उलट जागा मात्र बोलत होत्या. बाजार, रस्ता, कोरडा ओहोळ, मऊ माती, छावणीतून बाहेर पडण्याची वाट, या गोष्टींचा मेळ ज्याने घातला असता त्याला माणसाचे तोंड न पाहताही पुष्कळ काही कळले असते.

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याचे सगळे यश याच प्रकारचे होते. १८२२ नंतर नरसिंगपूर जिल्ह्याचा कारभार पाहताना त्याच्या कचेरीपासून काही अंतरावरच्या गावात ठगांचे बिऱ्हाड होते आणि त्याला त्याचा मागमूस लागला नव्हता, हे त्याने पुढे स्वतःच नमूद केले. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार हाती लागला आणि माफीचा साक्षीदार झाला, तेव्हापासून स्लीमनच्या पद्धतीला आकार आला. एका कबुलीतून निघालेली नावे दुसऱ्या तुरुंगातल्या, पहिल्याशी संपर्क नसलेल्या साक्षीदाराकडून पडताळायची. टोळ्यांच्या वंशावळी काढायच्या. कोणत्या मोहिमेत कोण कोण होते याचे तक्ते करायचे. आणि ज्यांना ठग 'बेल' म्हणत त्या पुरण्याच्या ठरलेल्या जागा नकाशावर मांडायच्या. एकट्या अवधच्या राज्यात अशा २७४ जागा नोंदल्या गेल्या. टोळीतल्या कामांची वाटणीही याच नोंदींतून स्पष्ट झाली : प्रवाशाला गोड बोलून विश्वासात घेणारा सोठा, रुमालाने गळा आवळणारा भुरतोट, खड्डे खणणारा लुघा, असे ज्याचे त्याचे काम ठरलेले असे. १८३६ साली कलकत्त्यात छापलेल्या 'रामसीयाना' या ग्रंथात स्लीमनने ठगांची गुप्त बोली आणि रीतीभाती संकलित केल्या. आधुनिक परिभाषेत ज्याला गुन्ह्याची कार्यपद्धती म्हणतात, म्हणजे गुन्हा पार पाडण्यासाठी आणि निसटण्यासाठी जे करावे लागते ते, तिचा इतका तपशीलवार दफ्तरबंद संग्रह त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. कार्यपद्धतीहून 'छाप' वेगळी. गुन्हा साधण्यासाठी ज्याची गरज नाही तरी गुन्हेगार मनाच्या ओढीने दर वेळी जे करतो ती त्याची छाप. ठगांकडे छाप फार थोडी आणि पद्धत भरपूर होती, आणि म्हणूनच ते नकाशावर सापडले. कॅनडातील पोलीस अधिकारी किम रॉस्मो याने १९९० च्या दशकात गुन्ह्यांच्या जागांवरून गुन्हेगाराच्या मुक्कामाचा पट्टा गणिताने काढण्याची जी भौगोलिक पद्धत विकसित केली, तिचा विचार आणि स्लीमनच्या नकाशांमागचा विचार यांत जातकुळीचे साम्य आहे.

परंतु त्याच दफ्तरातून जे विष निघाले त्याचीही नोंद इथेच व्हायला हवी. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही, तो 'तशा' लोकांपैकी आहे एवढे पुरे झाले. राधिका सिंघा आणि किम वॅग्नर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे की ठग हा शब्द या कायद्यांच्या आधाराने कसा पसरत गेला, आणि जीव वाचवण्यासाठी बोलणाऱ्या साक्षीदारांच्या कथनावर किती भार टाकला गेला. खून झाले नव्हते असे या अभ्यासकांचे म्हणणे नाही, आणि हिंगोलीच्या ओहोळातले सांगाडे पाहता तसे म्हणताही येणार नाही. प्रश्न इतकाच की एका टोळीचे चित्र संपूर्ण समाजाचे चित्र कधी झाले. ते १८७१ साली उघडपणे झाले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच संशयाचे कारण ठरवले, आणि पारधी, कैकाडी, उचल्या यांसारख्या जमातींना पुढे पोलिसांकडे हजेरी देत जगावे लागले. सोलापूरची काटेरी तारांची वसाहत हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित रूप. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला, पण चोरी झाली की पहिला छापा पालावर, ही सवय कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन मराठवाड्यातल्याच अशा जगण्याचा दस्तऐवज आहे. प्रोफाइलिंगवरच्या परदेशी पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाचा उल्लेख सहसा येत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या भागाला मालिका-गुन्ह्यांचा जो अनुभव आला तो मानवतचा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, त्यामुळे १९७२ साली मानवत आणि हिंगोली एकाच जिल्ह्यातली गावे होती. दुष्काळाच्या त्या काळात, १४ नोव्हेंबर १९७२ पासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत, मानवतच्या परिसरात दहा खून झाले आणि बळी पडलेल्या सगळ्या मुली आणि स्त्रिया होत्या. देहांवरच्या काही जखमा अशा होत्या की पाश्चात्त्य पुस्तकाच्या साच्यात हे प्रकरण घातले असते तर उत्तर ठरलेले होते : एकटा, विकृत कामवासनेचा पुरुष. मुंबई गुन्हे शाखेत नावाजलेले रमाकांत कुलकर्णी तपासाला आले आणि तपासाने निराळीच दिशा घेतली. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार या खुनांमागे गुप्तधनाची हाव, अपत्यप्राप्तीची आस आणि पिंपळावरच्या मुंजाला रक्त देण्याची कल्पना होती, आणि काम एकाचे नव्हे तर अनेकांचे होते. जखमांचा अर्थ जखमांतून लागला नाही. मुंजा म्हणजे काय, गुप्तधनाच्या गोष्टी गावात कोण कोणाला सांगतो, हे ज्याला ठाऊक त्यालाच तो लागला. एफबीआयच्या क्वांटिको केंद्रात बसलेल्या तज्ज्ञाला तो लागणे अवघड होते, कारण त्याच्या ३६ मुलाखतींमध्ये मराठवाड्यातला पिंपळ नव्हता.

तथापि मानवतचे प्रकरण प्रोफाइलिंगचा विजय म्हणून सांगणे अप्रामाणिक ठरेल. खटल्यात आरोपींची संख्या मोठी होती, भिस्त माफीच्या साक्षीदारांवर आणि कबुलीजबाबांवर होती, आणि १९७७ साली 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच पुराव्याची कसून तपासणी केली. गुन्ह्यातला साथीदार हा सक्षम साक्षीदार असतो, पण महत्त्वाच्या बाबींत त्याला स्वतंत्र दुजोरा मिळाल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये, हा नियम त्या निकालात पुन्हा स्पष्ट झाला. कबुली नोंदवताना पाळायच्या खबरदारीबद्दल आणि पोलीस कोठडीतल्या दांडगाईबद्दलही न्यायालयाने कठोर शब्द वापरले. काहींची शिक्षा टिकली, पण सूत्रधार म्हणून ज्यांची नावे सर्वतोमुखी होती ते अखेर निर्दोष ठरले. लोकांच्या मनातले चित्र आणि न्यायालयात टिकणारा पुरावा यांच्यातले अंतर याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही, आणि या प्रकरणावर २०२४ साली आलेल्या वेबमालिकेनंतर ज्यांना ते नव्याने कळले त्यांनी मूळ निकालपत्र वाचणे अगत्याचे आहे. स्लीमनच्या काळात साथीदाराच्या तोंडचे बोलणे शेकडोंना दोषी ठरवायला पुरत होते. दीड शतकानंतर त्याच स्वरूपाच्या पुराव्याला न्यायालयाने लगाम घातला, हा बदल लहान नव्हे.

महाराष्ट्रातील इतर दोन प्रकरणे थोडक्यात पाहिली तरी साच्यांची मर्यादा कळते. रामन राघव हा १९६५-६६ आणि पुन्हा १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि पदपथावर निजलेल्या माणसांची डोकी बोथट हत्याराने फोडत होता, आणि तो 'विस्कळीत' या वर्गात बऱ्यापैकी बसतो. पण तो आधी एकदा पोलिसांच्या हाती येऊन पुराव्याअभावी सुटला होता, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये त्याची ओळख पटवण्याच्या कामी जुन्या नोंदीतले बोटांचे ठसे आले. मनोविकारतज्ज्ञांची खरी गरज लागली ती नंतर, त्याला फाशी द्यावी की नाही हे ठरवताना, आणि त्यांच्या अहवालावरून उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. कोल्हापूरच्या अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली यांनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळवली, चोऱ्या करताना त्यांचा आडोसा केला आणि नको झालेल्या मुलांना ठार मारले. कडेवर मूल घेतलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही, हीच त्यांची पद्धत होती, आणि मालिका-खुनी म्हणजे एकटा पुरुष हे गृहीत धरणाऱ्या कोणत्याही अनुमानचित्राला त्या सहा वर्षे सापडल्या नसत्या.

शास्त्र म्हणून प्रोफाइलिंगची आजची स्थिती याच अनुभवाला दुजोरा देते. ब्रिटनमध्ये डेव्हिड कँटर यांनी १९८६ साली रेल्वेमार्गांलगतच्या बलात्कार व खुनांच्या मालिकेत जो अंदाज दिला, त्यामुळे लांबलचक संशयित-यादीत मागे पडलेला जॉन डफी पुढे आला. त्या अंदाजातला सर्वांत उपयोगी भाग गुन्हेगाराच्या राहत्या भागाविषयीचा होता. त्याच कँटर यांनी २००४ साली शंभर खुनांच्या तपशिलांची छाननी करून दाखवले की 'सुसंघटित' आणि 'विस्कळीत' असे दोन स्वच्छ वर्ग प्रत्यक्षात आढळत नाहीत. दरम्यान १९९२ च्या रेचल निकेल खून-प्रकरणात लंडनच्या पोलिसांनी मानसशास्त्रज्ञाच्या चित्रात बसतो म्हणून कॉलिन स्टॅग याच्यावर एका महिला पोलिसाकरवी जाळे टाकले, न्यायालयाने १९९४ साली तो पुरावा फेटाळला, आणि खरा खुनी दुसराच होता हे पुढे डीएनएने सिद्ध झाले. मधल्या काळात त्या खऱ्या खुन्याने आणखी एका आईचा आणि तिच्या मुलीचा जीव घेतला होता. चुकीच्या चित्राची किंमत केवळ निरपराध माणसाला मोजावी लागत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

भारतीय कायद्यात अनुमानचित्राला पुरावा म्हणून स्थान नाही, आणि ते नसावे असेच म्हटले पाहिजे. आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सामान्यतः त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या सेल्वी खटल्यात सांगितले. म्हणजे अनुमानचित्राचे काम तपासाच्या आत, आरोपपत्राच्या अलीकडे आहे : कुठे शोधावे, कोणाला आधी भेटावे, कोणत्या जुन्या गुन्ह्यांची कागदपत्रे मागवावीत, एवढे ते सुचवू शकते.

या शेवटच्या कामात, जुन्या गुन्ह्यांचे कागद एकमेकांशेजारी ठेवण्यात, महाराष्ट्रातील जिल्हा पोलिसांपुढची खरी अडचण आहे. दोन ठाण्यांत नोंदलेल्या दोन घटना एकाच हाताच्या आहेत हे कोणाच्याच लक्षात न येणे, याला अमेरिकन अभ्यासक स्टीव्हन एगर यांनी १९८० च्या दशकात दुव्यांबाबतचे अंधत्व म्हटले. ठगांना हेच अंधत्व पोसत होते : प्रवासी एका मुलुखातला, खून दुसऱ्या मुलुखात, माल तिसऱ्या बाजारात, आणि घरची माणसे महिनोन् महिने वाट पाहत, कारण प्रवासाला गेलेल्याला उशीर होणे नवलाचे नव्हते. आज मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी, मुंबई-पुण्याच्या बांधकामांसाठी दर वर्षी माणसे बाहेर पडतात. त्यांतले कोणी नाहीसे झाले तर तक्रार सेनगावला द्यावी, कळमनुरीला द्यावी की कारखान्याच्या गावी, इथूनच घोळ सुरू होतो. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येण्याची सोय, जिला शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात, आता कायद्याने दिली आहे, आणि देशभरातील ठाण्यांना संगणकाने जोडणारी सीसीटीएनएस ही व्यवस्थाही उभी आहे. परंतु त्या व्यवस्थेत कलम, तारीख आणि आरोपीचे नाव भरण्यापुरतीच नोंद झाली, आणि गाठ कशी मारली होती, प्रेत कुठल्या बाजूला वळवले होते, अंगावरचे काय नेले आणि काय ठेवले, हे पंचनाम्यातच राहिले, तर दुसऱ्या जिल्ह्यात तशीच गाठ पाहणाऱ्या अंमलदाराला पडद्यावर शोधण्यासारखे काही मिळत नाही.